काळी कमान

आमच्या घरात सगळ्या वस्तूंवर पीठ बसायचं. शेलूबाजारला रस्त्याला लागून बाबांची पिठाची गिरणी होती, आणि गिरणीच्या पाठीला पाठ लावून आमचं घर. मधल्या भिंतीत एक दार होतं. ते लावा, त्याच्या फटीत पोतं कोंबा, पीठ यायचंच. देवाच्या फोटोवर, घड्याळावर, माठाच्या झाकणावर, मायच्या भुवयांवर. सकाळी बाबा इंजिनाचं चाक फिरवायचे, ते दोनदा ठसकायचं, आणि मग दिवसभर पुक पुक पुक पुक. त्या आवाजावरून बोलायची सवय लागल्यामुळे आमच्या घरात कुणालाच हळू बोलता येत नाही. आजही माझी सून म्हणते, "आई, फोन कशाला लावता? खिडकीतूनच बोला, नागपूरपर्यंत ऐकू जाईल." म्हणू दे बापडी.

या पिठातून सुटका फक्त पाच वस्तूंना होती, बाबांच्या पाच कमानींना, बाण सोडायच्या धनुष्यांना. बैठकीच्या भिंतीला लाकडी खुंट्या ठोकलेल्या होत्या आणि त्यांवर मायच्या जुन्या लुगड्यांच्या पिशव्यांत घातलेल्या त्या कमानी टांगलेल्या असत. इंजिन सुरू व्हायच्या आधी एकेक पिशवी उतरवायची, कमान मऊ फडक्यानं पुसायची, शिंगाच्या बाजूला तेलाचं बोट फिरवायचं आणि पुन्हा झाकून ठेवायची. हे काम माझं. अकरा-बारा वर्षांची होते तेव्हापासून माझंच होतं, आणि मला ते मनापासून आवडायचं. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की मला त्या कमानींचा राग होता. खोटं कशाला बोलू, मायच्या हातच्या पानग्यांनंतर त्या घरात माझा जीव कशावर असेल तर तो त्यांच्यावर होता.

त्या घरात आल्या त्या बाबांच्या हातामुळे. मी पाचवीत असताना गिरणीच्या पट्ट्यात बाबांचा उजवा हात सापडला. कोपराच्या वर आणि खाली, दोन्हीकडं हाड मोडलं. लोक म्हणाले, कारंज्याच्या कमानगरांकडं न्या. कमानगर म्हणजे कमानी करणारे. तिथल्या म्हाताऱ्या कमानगरांना सगळे चाचा म्हणायचे; त्यांचे वाडवडील कुण्या काळी लढाईच्या कमानी करायचे. लढाया सरल्या, कमानीला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा त्याच हातांनी ती माणसं हाडं बसवू लागली. शिंगाला आणि लाकडाला वळण लावणाऱ्या बोटांना हाड कुठून निसटलंय ते चाचपून कळतं, असं चाचा म्हणायचे. त्यांनी बाबांचा हात बसवला, बांबूच्या कामट्या बांधल्या, लेप लावला. हात वाचला. पण तो खांद्याच्या वर कधी गेला नाही, आणि त्यातला जोर अर्धाच परत आला.

दर पंधरवड्याला हात दाखवायला जायचं, तेव्हा चाचांच्या ओट्यावर ताटकळत बसावं लागायचं. तिथं बाबांना कमानी दिसल्या. चाचांनी हाडांवर पोट भरलं तरी वडिलोपार्जित काम सोडलं नव्हतं. हिवाळ्यात सरस लावायचा, उन्हाळाभर वाळवायचं, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा थर द्यायचा. एका कमानीला वर्ष जायचं, कधी दोन. आतून लाकूड, पोटाशी म्हशीचं शिंग घासून घासून पातळ केलेलं, पाठीवर जनावराच्या शिरा कुटून, त्यांचे धागे काढून सरसात बसवलेले. आणि टोकं पुढं वळलेली, जशी काही कमान कुणाकडं तरी मान वळवून पाहते आहे. बाबा गिरणीवाला माणूस, आयुष्यभर पट्टे आणि जातं यापलीकडं काही पाहिलं नव्हतं. त्यांना त्या कमानींनी येड लावलं. हात बरा झाला तरी ते कारंज्याला जातच राहिले.

चाचा सुरुवातीला देईनातच. "गिरणीत? पिठात? माही कमान का पोळपाट हाये?" पण बाबांनी पिच्छा सोडला नाही. शेवटी चाचांनी एक अट घातली, आणि ती त्यांच्या घराण्याची रीतच होती. ते कमान विकली असं म्हणायचेच नाहीत. ज्याच्या हातात द्यायची त्या माणसानं त्यांच्यासमोर ती चढवून दाखवायची, म्हणजे तिला दोरी लावून दाखवायची. मग चाचा दोरी उतरवून त्याच्या तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "ही माही अमानत." त्यानंतर ती कमान सांभाळायची जबाबदारी त्या माणसाची, आणि मोडली तर तुकडे चाचांकडं परत. मोडलेली कमान ते घरामागं पुरायचे.

आता गंमत अशी की बाबांना कमान चढवता येईना. हातात जोर कुठं होता? त्या दिवशी मी सोबत होते. चाचांनी बाबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाले, "पोरीले शिकवू?"

तो पहिला धडा मला आजही पाठ आहे. दोरी नसलेली कमान खाली ठेवली की ती एखाद्या कोयरीसारखी एका बाजूला वळून पडते. न शिकलेल्या माणसाला वाटतं, वळलीच आहे, याच बाजूनं दोरी ओढून बांधली की झालं. तिथंच माणूस फसतो. ती पडलेली असते त्याच्या बरोबर उलट वळवायची असते. चाचा म्हणायचे, "झोपली तशी उठवायची नाही, बेटी. तशी उठवली तं शिंग फाटते अन् कमान मरते." शेगडीवर दुरून थोडी शेकायची, खाली बसायचं, शिंगाची बाजू आपल्याकडं घेऊन मुठीला गुडघे लावायचे, आणि आपल्यापासून दूर पळणारी दोन्ही टोकं हळूहळू आपल्याकडं आणायची. एकटीनं सगळं होत नाही. मी वाकवायची आणि माय दोरीचा फासा टोकावर सरकवायची, तोंडानं बडबडत. "मेल्या म्हशीचं शिंग, काय काय मेल्याचं, अन् टांगतो कुठं तं देवासमोर! या घरात सोंगं काय कमी व्हते?" फासा मात्र कधी चुकवला नाही तिनं.

चाचा वर्षातून दोनदा कमानी पाहायला यायचे. यायचे तेव्हा आंबाडीची भाजी आणि ज्वारीची गरम भाकर, वर कच्च्या तेलाची धार. चहा मात्र निळ्या काठाच्या कपात. तो कप फक्त त्यांच्यासाठी होता आणि वेगळ्या फळीवर ठेवलेला असायचा. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. आज वाटतं, आणि चाचांना तेव्हाही कळत असणार.

बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला कमानी दाखवायचे. मी चढवायची, ते तिच्या पाठीवरून डावा हात फिरवत सांगायचे, आणि शेवटी माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणायचे, "अन् ही माहा उजवा हात." किती फुगायची मी! मला काय माहीत, हा शब्द पुढं माझ्या पायात पडणार आहे.

मॅट्रिक झाले आणि दार बंद झालं. तसं कुणी कडी घातली नव्हती. बाबा रागीट असते तर बरं झालं असतं, रागीट माणसाशी भांडता येतं. आमचे बाबा मऊ. शाळेतल्या बाईंनी माझ्याकडून अमरावतीच्या नर्सिंगच्या ट्रेनिंगचा अर्ज भरून घेतला होता. गिरणीवर एकदा एका बाईचं बोट चिरडलं होतं, ते मी बांधलं होतं, तेव्हापासून माझ्या डोक्यात ते होतं. निवड झाल्याचं पत्र आलं. बाबांनी ते दोनदा वाचलं, हसले, मला जवळ घेतलं आणि पत्र घड्याळाच्या मागं ठेवलं.

"जाशीन ना बेटा. जाशीन. कोन नाही म्हनते?"

"पन बाबा, त्यायनं तारीख देली हाये. तीन महिन्यानं हजर व्हायले सांगतलं."

"व्हते, व्हते. तू गेली तं कमानी कोन पाहीन? माहा हात कोन व्हईन, सांग बरं मले?"

बाप असं लाडानं विचारतो तेव्हा पोरीच्या तोंडाला कुलूप लागतं. मी गप्प बसायची आणि बाबा त्यालाच होकार समजायचे.

ते दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. गिरणीवर पुरुषमाणसं असायची म्हणून तिकडं जायचं नाही. रस्त्यावर जीपवाले उभे असायचे म्हणून दारात थांबायचं नाही. उरली बैठकीची खिडकी, तिला गज, आणि गजांवर पीठ. त्या खिडकीतून अमरावतीच्या गाड्या दिसायच्या. सकाळची एक, दुपारी जेवणाच्या वक्ताला एक. हॉर्नवरून मी ड्रायव्हर ओळखायला लागले होते. गाडी थांबायची, कुणाची तरी पोरगी, कुणाची तरी सून पिशवी घेऊन चढायची, घंटी वाजायची आणि गाडी जायची. मी पुसलेलीच कमान पुन्हा पुसत बसायची. इंजिन पुक पुक करत राहायचं आणि मला वाटायचं, हे थांबलं नाही तर मी कधीतरी ओरडेन. ओरडले मात्र नाही.

अशात काळी आली. दोन वर्षं चाचा तिच्यावर काम करत होते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, बरंचसं काम त्यांनी बोटांनी चाचपून केलं होतं. काळंभोर शिंग, असं घासलेलं की त्यात खिडकीचे गज दिसायचे. पाठीवर तांबूस लुकणाचा चकचकीत लेप, आणि मुठीच्या वर नखाएवढं एक शेंदरी फूल. बाकीच्या चार कमानी तिच्यापुढं अगदीच घरगुती वाटल्या. मी ती चढवली, चाचांनी दोरी उतरवून माझ्या तळहातावर ठेवली. "बेटी, याच्यानंतर माह्याच्यानं व्हनार नाही. ही आखरी. ही बापाची नाही, तुही अमानत." बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण माझं कारण वेगळं होतं. अजून एक खुंटी, अजून एक पिशवी. आता तर मी कुठंच जाणार नव्हते.

आणि महिन्याभरात माय भाकरी थापता थापता म्हणाली, "मानोऱ्याकडचे पाव्हने येऊन राह्यले आयतवारी."

"कायले?"

"कायले म्हंजे? तुले पाहाले."

"अन् माहं ट्रेनिंग?"

मायनं भाकर तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "पोट्टा घरजावई राहाले तयार हाये. चार भाऊ हायेत, तिसरा हा. गिरणी सांभाळीन. तुले घर सोडाचं काम नाही. बापानं तुह्यासाठी किती इचार केला, पाह्य."

विचार केला होता खरा. लग्नानं पोरगी निदान सासरी तरी जाते, मला तेवढीही सोय ठेवली नव्हती. तीच बैठक, तेच इंजिन, त्याच पाच पिशव्या, मरेपर्यंत. मी चुलीपुढून उठले आणि बैठकीत जाऊन घड्याळाच्या मागं हात घातला. पत्र तिथंच होतं. हजर व्हायच्या तारखेला सतरा दिवस उरले होते.

आयतवारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि मामा. मुलगा वाईट नव्हता हो. कुस्ती खेळणारा, लाजाळू, नव्या शर्टात अवघडलेला. मायनं मला बजावून ठेवलं होतं, मान खाली, इचारलं तेवढंच बोलायचं, अन् आवाज, आवाज सांभाळ बाई. मी पोह्यांचं ताट घेऊन उभी राहिले. बाबांनी काळी पिशवीतून काढली होती. त्यांना ती दाखवायचीच होती. पण चढवणार कोण? पाहायला आलेल्या पोरीनं डोक्यावर पदर घेऊन, बैठकीत फतकल मारून, गुडघ्यांनी कमान वाकवायची? ते काही जमण्यासारखं नव्हतं. मग बाबांनी ती तशीच, दोरी सोडलेली, बाजेवर ठेवली, दोरी शेजारी ठेवली, आणि मुलाच्या वडिलांना म्हणाले, "चाला, तवर तुमाले गिरणी दाखवतो." दोघं मधल्या दारानं गेले. इंजिन दोनदा ठसकलं आणि सुरू झालं.

मामांनी कमान उचलून पाहिली. "याले दोरी लावतेत वाटते. लाव बरं जवाई, दाखव जोर!"

मुलानं माझ्याकडं चोरून पाहिलं, हसला, आणि काळी हातात घेतली. तिनं ज्या बाजूला मान टाकली होती, त्याच बाजूनं त्यानं दोरीचा एक फासा अडकवला.

मला दिसत होतं. त्याच क्षणी दिसलं. उलटी, उलटी धरली आहे, शिंग बाहेरच्या अंगाला आहे. एक शब्द पुरला असता. माझा आवाज असा की गिरणीत, इंजिनावरूनही, बाबांना ऐकू गेला असता. तो गुडघा लावून वाकवत होता, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. मी ताट धरून उभी. पोह्यांवरच्या कोथिंबिरीकडं पाहत होते आणि मनात एकच चाललं होतं, मोडू दे. मोडली की हे अपशकुन म्हणतील. उठून जातील. मोडू दे. दुसरा फासा चढला. अजूनही वेळ होती. त्यानं दोरी धरून खेचली, एकदा थोडी, मग पूर्ण.

तडाड असा आवाज झाला. शिंगाची पट्टी सुटून उडाली आणि त्याच्या ओठाला लागली. काळीचे दोन तुकडे दोरीला लोंबत राहिले. माय स्वयंपाकघरातून धावत आली. तिनं आधी कमानीकडं पाहिलं, दोरी कुठल्या अंगानं आहे ते पाहिलं, मग माझ्याकडं. माझ्याइतकंच तिलाही सगळं माहीत होतं.

बाबा दारात येऊन थांबले. पिठानं पांढरे झालेले ते आणखी पांढरे झाले. मुलगा रक्त पुसत "चुकलं, चुकलं" म्हणत होता. आणि मी वाट पाहत होते की आता मामा उठतील, आता चपला घालतील.

मामांनी मांडीवर थाप मारली. "अरे, चुकलं काय! जमलं म्हना! जनकाच्या घरी काय झालं व्हतं? रामानं धनुष्य मोडलं तवाच सीता भेटली ना? याच्याहून शुभ काय असन?"

हशा पिकला. मुलाच्या वडिलांनी बाबांना मिठी मारली. बाबासुद्धा हसले, पाहुण्यांसमोर दुसरं काय करणार! तिथल्या तिथं सुपारी फुटली. मी पोह्यांचं ताट खाली ठेवलं आणि न्हाणीघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. चाचांची दोन वर्षं मी घालवली, त्यांचे डोळे घालवले, आणि त्याच्या बदल्यात माझीच बेडी पक्की करून घेतली. संध्याकाळी माय भांडी घासताना एवढंच म्हणाली, "तोंडात मिठाची गुळणी धरली व्हती काय वं तू?" ती गुळणी तोंडात तशीच होती.

बाबांनी जीपवाल्याच्या हाती कारंज्याला निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी दुपारी चाचा आले. मायनं निळ्या काठाच्या कपात चहा आणला, त्यांनी तो बाजूला सरकवला. बाबांनी त्या दिवशी इंजिन बंद ठेवलं होतं. घर इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. चाचांनी दोन्ही तुकडे मांडीवर घेतले आणि मोडलेल्या जागेवरून बोटं फिरवली, बाबांच्या हातावरून फिरवायचे तशीच.

"उलटी चढवली."

"पाव्हन्याले मालूम नव्हतं, चाचा," बाबा म्हणाले. "मी गिरणीत व्हतो."

"घरात कोन व्हतं?"

"सुमी व्हती. पन पाहाले आलेल्या मानसायसमोर पोरगी कशी बोलन?"

चाचांनी माझ्याकडं मान वळवली. "बेटी, तुले दिसलं?"

"हो."

"कवा? मोडल्यावर का मोडाच्या आधी?"

"आधी."

"किती आधी?"

"त्यानं हाती घेतली तवापासून."

बाबा मध्ये पडले. "लहान हाये चाचा, घाबरली असन."

"मी घाबरली नव्हती!" माझा आवाज फुटला, आणि इंजिन नसल्यामुळे तो भिंतींवर आपटला. "मले वाटलं, कमान मोडली तं सोयरीक मोडन. म्हनून चुप राह्यली. मले अमरावतीले जायचं हाये. मले नाही राहाचं इथं. पत्र घड्याळामागं हाये, आत्ता काढा, पीठ बसून राह्यलं त्याच्यावर!"

त्या दिवसापर्यंत मी "मले नाही राहाचं" हे शब्द कधी उच्चारले नव्हते. बाबा माझ्याकडं असे पाहत राहिले, जसा काही त्यांचा हात पुन्हा एकदा पट्ट्यात गेला आहे. ते पाहणं मी विसरले नाही आणि विसरणारही नाही.

चाचांनी तुकडे फडक्यात बांधले आणि उठून उभे राहिले. "बाकीच्या चार बी उतरवा. मी घेऊन जातो."

"चाचा, असं नका करू. तुमच्या पाया पडतो."

"अमानत ज्याच्या हाती देली, त्याच्या भरोशावर देली व्हती. तुमचा हात चालत नाही. हिचा चालते, पन हिचं मन या घरात नाही. मंग माह्या कमानी कोनाजवळ ठेवू?" मग माझ्याकडं न पाहता म्हणाले, "अन् मले राग आला नाही असं नाही. लय आला हाये. दोन साल गेले माहे."

मीच त्या चार पिशव्या उतरवल्या. बैठकीच्या भिंतीवर नुसत्या खुंट्या राहिल्या. चाचा जीपमध्ये बसले, कमानी मांडीवर आडव्या घेऊन, आणि निळ्या काठाच्या कपातला चहा तसाच थंड झाला.

पुढचे आठ-नऊ दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. ज्याचं कारण सांगून ते मला थांबवत होते ते कारण भिंतीवर उरलं नव्हतं, आणि दुसरं शोधायची त्यांना उमेद राहिली नसावी. एक दिवस ते कुणाला न सांगता मानोऱ्याला गेले आणि पाहुण्यांच्या शिव्या खाऊन, सुपारी परत करून आले. त्यानंतर एका सकाळी मी उठले तर बैठकीत पत्र्याची पेटी होती. गिरणीतली, पट्ट्यांचे तुकडे ठेवायची जुनी पेटी, धुऊन पुसून निळा रंग दिलेली. झाकणावर पांढऱ्या रंगानं माझं नाव होतं. अक्षर वाकडंतिकडं, पहिलीतल्या पोरासारखं. बाबा दारात उभे होते, डाव्या हाताच्या बोटांना पांढरा रंग.

"उजव्यानं जमलं नाही," एवढंच म्हणाले, आणि इंजिन सुरू करायला निघून गेले. माझी नात परवा विचारत होती, आजी, ही गंजकी पेटी का ठेवलीस? तिला म्हटलं, तुझ्या पणज्याचं अक्षर आहे, हात लावू नको.

हजर व्हायच्या आदल्या दिवशी मी दुपारच्या गाडीत बसले. मायनं पानगे बांधून दिले होते. इतके महिने ज्या खिडकीतून ही गाडी पाहिली, ती खिडकी आता गाडीतून दिसली, तिच्यात माय उभी होती. बाबा गिरणीतून बाहेर आले नाहीत, पण इंजिन बंद झाल्याचं मला ऐकू आलं.

कारंज्याला गाडी चहापाण्याला थांबायची. कंडक्टरला म्हटलं, "दादा, दहा मिनिटात आली," आणि उतरले. चाचांचं घर स्टँडपासून लांब नव्हतं. ते ओट्यावर बसून एका म्हाताऱ्याच्या मनगटाला कामट्या बांधत होते. मी खाली उभी राहिले.

"चाचा, मी अमरावतीले जाऊन राह्यली."

त्यांनी वर पाहिलं नाही. दोरा गुंडाळत राहिले.

"चाचा, मले माफ केलं का?"

दोरा संपला, त्यांनी गाठ मारली, दातानं तोडला. मग मान घराच्या मागच्या अंगाला हलवली. "तिथं हाये ती. जाय, पाहून घे."

मी मागं गेले. कडुलिंबाखाली लांबट, ताजी माती होती. वर एक दगड ठेवलेला. तिथं उभं राहून काय करायचं असतं ते मला कळेना. हात जोडले, मग सोडले. खाली बसून मातीवर तळहात ठेवला, त्याच तळहातावर चाचांनी दोरी ठेवली होती. मला खूप रडायचं होतं, पण स्टँडवरून हॉर्न ऐकू आला, आणि तो हॉर्न मी ओळखत होते.

पुढं आले. चाचा दुसऱ्या माणसाचा खांदा चाचपत होते.

"चाचा..."

"गाडी सुटन तुही," ते म्हणाले. "पळ."

मी साडी वर धरली आणि भर बाजारातून, दुकानांतल्या माणसांसमोरून, पळत सुटले. त्यांनी तेव्हा तरी मान वर करून पाहिलं का, मला माहीत नाही. मी मागं वळले नाही.